वसतिगृहातले तेवीस तास

गेल्या सत्रात बालमानसशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, मारल्याशिवाय मुले सुधारतात असे तुम्ही पुस्तकातून सांगता, पण चाळीस मुले एका छपराखाली तुम्ही स्वतः कधी सांभाळली आहेत का?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो. त्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे होते. पण त्या 'होय'च्या पाठीमागे जे होते ते घंटेनंतरच्या दोन मिनिटांत सांगण्याजोगे नव्हते, आणि त्यातला काही भाग मला सांगायची लाजही होती. आता आपल्या अंकासाठी लेख मागितला गेला आहे, तेव्हा ते उत्तर इथे देतो.

या महाविद्यालयात येण्यापूर्वी, १९९० च्या सुमारास, मी काही वर्षे मध्य प्रदेशात सौंसर आणि पांढुर्णा यांच्या दरम्यानच्या एका खेड्यातील मुलांच्या वसतिगृहात अधीक्षक होतो. महाराष्ट्रात ज्याला गृहपाल म्हणतात त्याला तिकडे अधीक्षक म्हणतात. आपल्या वाचकांपैकी काहींनी पांढुर्णा हे नाव गोटमारीमुळे ऐकले असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून एका काठाने पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठाने सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, तीच ही गोटमार. त्या मुलखाची दुसरी ओळख संत्र्यांची. तेव्हा ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही, असा तिथला व्यवहार आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांचे नियतकालिक हाती धरणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाला राग आला की तो घरच्या भाषेत येतो, आणि जाब मात्र शाळेच्या भाषेत द्यावा लागतो.

आमच्याकडे चाळीसएक मुलगे होते. काही पोरके, काहींचे वडील गेलेले आणि आई मजुरीला नागपूरकडे, काही गोंड वस्त्यांतून शिकायला आलेले. पहाटे पाचला घंटा, प्रार्थना, आंघोळ, ओळ, जेवण, शाळा, पुन्हा ओळ. शिक्षांचीही एक ठरीव चढण होती: आधी उभे राहणे, मग सर्वांच्या शेवटी जेवण, मग छडी. ही चढण मी तयार केलेली नव्हती. मी गेलो तेव्हा ती तिथे होतीच, आणि छडी टेबलाच्या डाव्या खणात होती. मी ती वापरली. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

एका जुलैत दहा वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे नाव इथे देणार नाही. आजचा कायदाही अशा मुलांची ओळख छापण्यास मनाई करतो, आणि ती योग्यच आहे. आल्यापासून पंधरा दिवसांत मुलांची तक्रार आली की त्याच्या पेटीजवळ मुंग्या होतात. मी पेटी उघडायला लावली. आत कपड्यांखाली ज्वारीच्या भाकरीचे तुकडे होते, काही ताजे, काही बुरशी आलेले, एका जुन्या सदऱ्यात नीट गुंडाळलेले. मी ते सर्व मुलांना ओळीत उभे करून त्यांच्यादेखत बाहेर काढले आणि "पोटभर मिळत असताना चोरी कशाला?" असे विचारले. तो काही बोलला नाही. त्या रात्री माझ्या खोलीच्या खिडकीची काच फुटली. सकाळी त्याला बोलावले. मी खणाकडे हात नेला, आणि मी काही म्हणण्यापूर्वीच त्याने तळहात पुढे केला.

तो पुढे आलेला हात मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. छडी खाल्ल्यावर तो रडला नाही, एवढेच नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा निवांतपणा आला, एखादा हिशेब अपेक्षेप्रमाणे जुळावा तसा. तेव्हा मी त्याला कोडगेपणा म्हटले. वसतिगृहांत हा शब्द फार चालतो.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक मावशी होत्या. चौथीपर्यंतही शिकलेल्या नव्हत्या. छडीच्या प्रकारानंतर आठवड्याने माझ्या लक्षात आले की रात्री निजायच्या वेळी त्या त्या मुलाला झाकणाचा एक लहान डबा देतात आणि सकाळी परत घेतात. डब्यात दोन भाकरी. मी हरकत घेतली. एकाला दिले की चाळीस मागतील. मावशी म्हणाल्या, "त्याले रातची भूक नाही लागत जी, रातचं भेव लागते. उशाशी भाकर असली का झोपते." मी तात्पुरते चालू द्या म्हटले, आणि मनात म्हटले की ही बाई पोराला लाडावून ठेवणार. चाळीस जणांपैकी आणखी दोघांनीच डबा मागितला. महिन्याभरात पेटीतल्या मुंग्या गेल्या. पुढे पुढे डबा सकाळी न उघडता परत येऊ लागला.

आता या घटनेमागचे शास्त्र पाहू.

लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या जॉन बोल्बी या मनोवैद्याने १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी १४ मुले त्याला अशी आढळली की त्यांना कोणाविषयीच जिव्हाळा वाटत नव्हता. आणि त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली. मुले थोडी होती, तपासणारा आणि निष्कर्ष काढणारा एकच होता, आणि केवळ आईवरच दिलेला भर एकांगी होता. ही टीका मला मान्य आहे. पण १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने लिहिलेल्या अहवालानंतर एक प्रश्न पुसता येईनासा झाला: मूल चोरते तेव्हा ते काय चोरते? आमच्या पेटीत भाकरी होती. पण त्याला हवी होती ती उद्याची खात्री.

ज्या मुलावर लहानपणी उपाशी राहण्याची, मार खाण्याची किंवा माणसे एकाएकी नाहीशी होण्याची पाळी आलेली असते, त्याचे शरीर सतत पहाऱ्यावर असते. मोठ्याने उच्चारलेला शब्द, पाठीमागून आलेले पाऊल, रिकामे होत चाललेले भांडे, एवढ्याने त्याची छाती धडधडू लागते आणि हातपाय पळण्याच्या किंवा मारण्याच्या तयारीत येतात. त्या क्षणी त्याला केलेला उपदेश ऐकू येत नाही. उद्धटपणाने नव्हे, त्या अवस्थेत मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडतो आणि जीव वाचवणारा भाग पुढे येतो. परीक्षेच्या दालनात पाठ असलेले सूत्र न आठवण्याचा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांना आहेच. ते त्याचेच सौम्य रूप. अशा मुलाला शिक्षा केली की शिक्षा त्याला काही नवे शिकवत नाही. मोठी माणसे मारतात हे त्याला ठाऊकच असते, आपण त्यावर शिक्का मारतो. पुढे आलेल्या त्या हाताचा अर्थ हा होता.

मुलाच्या वागण्याला गुन्हा न समजता खूण समजायचे, आणि सबंध घराची रचनाच अशी करायची की त्या खुणेला उत्तर मिळावे, या पद्धतीला उपचारात्मक दृष्टी म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. त्यात औषधे नाहीत, आणि आठवड्यातून एकदा येणारे समुपदेशकही हा तिचा मुख्य भाग नव्हे. अमेरिकेत १९६९ साली ट्रीशमन, व्हिटेकर आणि ब्रेंड्ट्रो या तिघांनी निवासी संस्थांतील कामावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'उरलेले तेवीस तास' असा होतो. मनोवैद्याकडे मूल एक तास असते. उरलेल्या तेवीस तासांत त्याला उठवणारा, जेवू घालणारा, ओरडणारा, दिवा मालवणारा कोण असतो? स्वयंपाकीण, चौकीदार आणि अधीक्षक. उपचार होतो तो तिथे, आणि बिघडतो तोही तिथेच. या लेखाचे शीर्षक मी तिथूनच घेतले आहे.

ही दृष्टी कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्याकडे मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा निघाली. १८९७ साली सबंध देशासाठी सुधारशाळांचा कायदा झाला. मध्य प्रांतात १९२८ साली मुलांसाठी वेगळा कायदा आला. मोठ्या कैद्यांत मुलांना कोंडू नये, ही त्या सर्वांमागची भावना चांगली होती. परंतु 'सुधारणे' या क्रियापदात एक गृहीत दडलेले आहे: बिघाड मुलात आहे आणि तो शिस्तीने काढायचा आहे.

हे गृहीत उलटवून पाहणाऱ्यांत व्हिएन्नाचा ऑगस्ट आयकहॉर्न हा शिक्षक अग्रेसर होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, व्हिएन्नाजवळ ओबरहोलाब्रुन येथे निर्वासितांच्या जुन्या बराकींत त्याने उनाड मुलांची वसाहत सुरू केली. अत्यंत मारकुट्या अशा बारा मुलांचा एक गट त्याने वेगळा ठेवला आणि सहकाऱ्यांना सांगितले की कोणाला इजा होणार नाही एवढे पाहा. त्यापलीकडे हात लावू नका, प्रेमाने वागा. मुलांनी बराकीची मोडतोड केली, खिडक्या फोडल्या. आयकहॉर्न थांबून राहिला. मोठ्यांकडून मार येतच नाही असे दिसल्यावर त्यांचा राग आधी वाढला आणि मग विरघळून रडण्यात गेला. १९२५ साली त्याचे पुस्तक निघाले तेव्हा त्याला फ्रॉइडने प्रस्तावना लिहिली. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. आयकहॉर्नजवळ बारा मुलांमागे पुरेशी माणसे होती. चाळीस मुलांमागे दोन माणसे असताना त्याची नक्कल कोणी करू नये. काचा फुटतीलच, डोकीही फुटतील.

त्याच परंपरेतला फ्रित्झ रेडल पुढे अमेरिकेत गेला. डेट्रॉइट शहरात १९४६ ते १९४८ या काळात त्याने आणि डेव्हिड वाइनमन यांनी 'पायोनियर हाऊस' नावाचे लहानसे घर चालवले. पैसे संपले आणि घर बंद पडले, पण तिथल्या रोजच्या नोंदींतून १९५१ आणि १९५२ साली दोन पुस्तके निघाली. त्यांतली एक कल्पना आपल्या कामाची आहे. भांडण झाले की मुलाला कचेरीत बोलावून दुसऱ्या दिवशी सुनावणी करू नका. जिथे घडले तिथेच, धग ओसरू लागताच, त्याच्या शेजारी बसून बोला. काय घडले ते त्याच्या बाजूने आधी ऐका.

आणि वॉर्सा शहरातला यानुश कोर्चाक. १९१२ पासून त्याने ज्यू पोरक्या मुलांचे घर चालवले. तिथे मुलांचे न्यायालय होते, आणि त्यात मोठ्यांवरही फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाकवर झाल्या. त्याच्या दंडसंहितेतली सुरुवातीची बहुतेक कलमे क्षमेची होती. १९४२ च्या जुलैत, वेढलेल्या वस्तीत, त्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक केले. ऑगस्टमध्ये मुलांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे नेण्यात आले आणि कोर्चाक त्यांच्याबरोबर गेला.

हे सारे परदेशी झाले असे कोणी म्हणेल. आपल्या औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत निघाली. तिच्यावरून सुचलेला शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे. तिथे कैदी प्रौढ होते, पण तत्त्व तेच. भिंत काढल्यावर माणसाला थांबवून ठेवणारे दुसरे काहीतरी लागते, आणि ते त्याच्याशी जोडलेल्या नात्यातून येते.

यांतले एकही नाव मला तेव्हा माहीत नव्हते. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात रेडलचे पुस्तक मला मिळाले ते पुढच्या वर्षी. त्याआधी पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी ज्यांना घर होते अशी बहुतेक मुले घरी गेली. दुपारी पाहिले तर तो मुलगा नव्हता. आम्ही चौघे चार दिशांना गेलो. चौकीदार म्हणाला, पांढुर्ण्याला गोटमार पाहायला गेला असणार. मला मात्र तो सौंसर स्टेशनवर सापडला. त्या वेळी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची गाडी सौंसरवरून जाई. ती २०१५ मध्ये बंद झाली आणि नंतर रुंद रूळ पडले. फलाटाच्या टोकाला तो बसला होता आणि हातात तो डबा होता. मी चालत चालत बरेच काही ठरवले होते. पण दोन तास ऊन्हात फिरून मी इतका थकलो होतो की त्याच्याशेजारी बसलो आणि काही बोललोच नाही. त्या थकव्याचे आभार मानावे तेवढे थोडे. बऱ्याच वेळाने तो आपणहून म्हणाला, "बाबा पोयाले गेले होते. संध्याकाळी येतो म्हणे." आई आधीच गेलेली. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी बापाने त्याला मामीकडे सोडले, संध्याकाळी येतो म्हणून सांगितले, आणि तो याच गाडीने गेला. म्हणून हा पोळ्याला गाडी पाहायला आला होता. पळून गेला नव्हता.

गाडी आली आणि गेली. मग त्याने डबा उघडला. एक भाकर मला दिली.

परत येताना मी त्याला विचारले की त्या दिवशी काचेच्या वेळी तू हात आधीच का पुढे केलास. तो म्हणाला, "तुमी मारणारच होते जी."

त्यानंतर मी छडी खणातून काढली. सहकाऱ्यांना ते पटले नाही आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पहिले दोन महिने वसतिगृहात गोंगाट वाढला. मोठी मुले लहानांना छळू लागली, कारण एक धाक गेला होता आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नव्हते. ज्या संस्था छडी टाकतात आणि हात बांधून बसतात त्यांच्याकडे हेच होते, आणि मग दोष नव्या पद्धतीला दिला जातो. मारणे बंद करणे हे काम एका दिवसाचे. त्याची जागा भरायला दोन वर्षे लागली.

सुरुवात एका वहीने झाली. भांडण झाले की कोणी केले हे लिहिण्याऐवजी त्याआधी काय घडले, किती वाजता, कुठे, कोणाच्या घरून कोण आले होते, हे लिहायचे. तीन महिन्यांत वहीने आम्हाला ओशाळे केले. निम्म्याहून अधिक मारामाऱ्या संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान होत्या. जेवण दहाला आणि मग रात्री आठला. मधे काहीच नव्हते! आम्ही पाच वाजता मुरमुरे-फुटाणे द्यायला लागलो आणि त्यानंतर खेळ ठेवला. भांडणे पाहता पाहता उतरली. ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो तो बराचसा भुकेचा होता. दुसरा गट रविवार संध्याकाळचा. ज्यांना भेटायला कोणी आले नाही ती मुले, आणि ज्यांना भेटून माणसे निघून गेली तीही. मग रविवारी संध्याकाळी चौकीदाराने त्यांना घेऊन विहिरीजवळच्या वाफ्याला पाणी द्यायचे, असे ठरवले. बोलायचे काही नाही, फक्त सोबत राहायचे. हा चौकीदार पूर्वी सर्वांत मोठ्याने ओरडणारा. पण मुले सगळ्यांत आधी बोलू लागली ती त्याच्याशी.

शिक्षेऐवजी काय, असा प्रश्न नेहमी येतो. भरपाई. काच फोडली तर सुताराबरोबर उभे राहून काच बसवायची, आणि त्या वेळी अधीक्षकानेही तिथे उभे राहायचे. मारलेल्याला पाणी आणून द्यायचे. मूल शांत झाल्यावरच हे करायचे, आणि त्याला सांगायचे की तुझी जागा या घरात आहेच. ही काच तेवढी बसवायची आहे. एकांतात कोंडणे मात्र कधीही नाही. ज्याची माणसे हरवली आहेत त्याला खोलीत एकटे बंद करणे म्हणजे जुनी जखम उघडणे होय.

आम्ही तक्ता आणि चांदण्याही करून पाहिल्या. अमेरिकेत कॅन्सास राज्यात 'अचीव्हमेंट प्लेस' या घरात १९६७ पासून चांगल्या वागण्याला गुण देण्याची पद्धत फार पद्धतशीर राबवली गेली आणि ती पुष्कळ ठिकाणी पसरली. दात घासणे, अंथरूण घडी करणे यांसाठी आमच्याकडेही ती चालली. पण माझ्या त्या मुलाने तिसऱ्याच दिवशी तक्ता फाडला. त्याच्या ओळीत एकही चांदणी नव्हती आणि ते चाळीस जणांना दिसत होते. मी पेटी उघडून केले तेच तक्ता रोज करत होता. माझे मत असे की गुण सवयी लावू शकतात, भीती काढू शकत नाहीत.

संस्थेचे एक विश्वस्त संत्र्याचे जुने बागाईतदार होते. ते म्हणत, "मास्तर, बागेला ताण दिल्याबिगर बहार धरत नाही. पोराईलेही ताण पायजे." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: संत्र्याचे पाणी काही आठवडे तोडतात, झाड सुकल्यासारखे होते, आणि मग पाणी सोडले की फुलोरा येतो. याला ताण देणे म्हणतात. दृष्टान्त भक्कम होता आणि मला बरेच दिवस उत्तर सुचले नाही. शेवटी त्यांच्याच बागेत फिरताना मी विचारले, तीन वर्षांच्या कलमाला ताण देता का? ते म्हणाले, नाही, मरून जाईल. आणि रोगट झाडाला? त्यालाही नाही, आधी खतपाणी. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे पाहून हसले. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण पाच वाजताच्या मुरमुऱ्यांचा खर्च त्यांनी उचलला.

या दृष्टीच्या नावाखाली लबाडीही होते, हे लपवू नये. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांची विस्कटलेल्या मुलांची शाळा आणि 'केवळ प्रेम पुरत नाही' अशा अर्थाचे १९५० चे त्यांचे पुस्तक जगभर गाजले. १९९० साली ते वारल्यावर त्या शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले की ते आम्हाला मारत असत. पाटीवर उपचार लिहिले म्हणून खण रिकामा झाला असे होत नाही. सौंसरजवळ जामसावळीला हनुमंताचे देवस्थान आहे. मन बिघडलेल्या माणसांना घेऊन दूरदूरचे लोक तिथे येऊन राहतात. आमच्या एका मुलालाही त्याच्या काकांनी तिथे नेले होते. मी त्याला हसत नाही. ते काका त्याच्याजवळ आठ दिवस बसून होते. तेवढा वेळ त्या वर्षी आमच्यापैकी कोणी त्याला दिला नव्हता. मात्र त्याच्या फिटांना डॉक्टर आणि गोळ्या लागल्या, त्या नागपूरला मिळाल्या.

आता कायदा आपल्या बाजूने आहे. मुलांच्या न्यायासंबंधीच्या २०१५ च्या कायद्याच्या ८२ व्या कलमाप्रमाणे निवासी संस्थेत शिस्तीसाठी मुलाला शारीरिक शिक्षा करणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आहे, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय नोकरी जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मुलाची स्वतंत्र संगोपन योजना लिहावी लागते. आणि संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब, हे तत्त्व कायद्यातच आहे. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे बंगळूरच्या निमहान्स संस्थेने सरकारी बालगृहांतील मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी शिक्षणसाहित्य तयार केले, आणि २०२० साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळाने तिथे 'संवाद' नावाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पण संगोपन योजनेचा रकाना भरणे निराळे आणि पोळ्याचा दिवस लक्षात ठेवणे निराळे. 'वर्तन: समाधानकारक' एवढेच लिहिलेल्या योजना मी पाहिल्या आहेत. वर्षातला कोणता दिवस या मुलाला जड जातो, हा रकाना मला कुठल्याही नमुन्यात दिसलेला नाही. आपल्यापैकी जे पुढे समाजकार्यात किंवा आश्रमशाळांत जातील त्यांनी तो आपल्या हाताने आखून घ्यावा.

पुढच्या वर्षी आम्ही पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून मुलांना नदीकाठची माती आणून बैल करायला लावले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे तान्हा पोळा असतो, लहान मुलांचा, लाकडाच्या बैलांचा. गोटमारही त्याच दिवशी. घरी जाणारी मुले गेली. उरलेल्या अकरा जणांचा तान्हा पोळा मावशींनी व्हरांड्यात लावला, तोरण बांधले, बैलांना पुरणाचा नैवेद्य दाखवला. आदल्या दिवशी, गाडीच्या वेळी, मी त्या मुलाला घेऊन स्टेशनवर गेलो होतो. त्याने येऊ का असे विचारले होते. गाडी आली, गेली, आम्ही परत आलो. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही, म्हणाला, बैल रंगवायचे राहिले आहेत.

तो सुधारला का, असे विचाराल. आठवीत त्याने एकाचा दात पाडला. दहावीला गणितात गेला, मग पास झाला. मामी पुढे त्याला घेऊन गेली. मीही ती नोकरी सोडून इकडे आलो.

काही वर्षांपूर्वी एका लग्नानिमित्त त्या भागात गेलो असता पांढुर्ण्याच्या संत्रामंडीत एका मालमोटारीवरून कोणी हाक मारली. तोच होता, आता चालक, दोन मुलींचा बाप. चहा घेतला. त्या छडीबद्दल मला बोलायचे होते, आणि मी बोललो. चूक माझी होती असे सांगितले.

"ते जाऊ द्या जी," तो म्हणाला. "मावशी हायेत का अजून?"